दिनविशेष : १६ मे
पडद्यावर रेघ ओढणारा संशोधक

संगणक-चित्रणाचे आद्य संशोधक आयव्हन सदरलँड यांचा जन्म १६ मे १९३८ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात हेस्टिंग्ज येथे झाला.

१९६३ मध्ये एमआयटीत पीएच.डी.साठी त्यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून थेट आकृती काढता येऊ लागली. या दोन रेघा समांतर ठेव, या बाजू समान कर, अशी अट घातली की उरलेलं गणित संगणक करी. मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. आजच्या ‘कॅड’ची, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याच्या तंत्राची मुळं इथेच आहेत.

१९६८ पासून ते युटा विद्यापीठात शिकवू लागले. तिथून एड कॅटमल, हेन्री गूरो आणि जिम क्लार्क यांसारखे संशोधक घडले.

संगणकावर चित्रं काढणं पसरू लागलं, तरी एक अडचण होती. प्रत्येक कंपनीचा पडदा निराळा, त्यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. म्हणून १९७७ मध्ये ‘सिग्राफ’ या संगणक-चित्रणाच्या संघटनेच्या समितीने ‘कोअर’ हा सामाईक आराखडा मांडला. १९८५ मध्ये ‘जीकेएस’ या दुसऱ्या आराखड्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली, ते द्विमितीय चित्रांपुरतं होतं. त्रिमितीय चित्रणासाठी क्लार्क यांनी स्थापलेल्या सिलिकॉन ग्राफिक्सने १९९२ मध्ये ‘ओपनजीएल’ हे मानक आणलं आणि ते पुढे अनेक कंपन्यांनी स्वीकारलं.

सदरलँड यांना १९८८ चा ट्युरिंग पुरस्कार आणि २०१२ चा क्योटो पुरस्कार मिळाला.