बोंडापासून गाठीपर्यंत

वाशीम जिल्ह्यातले आसेगाव वऱ्हाडाच्या घाटावरच्या कापूसपट्ट्यात येते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातला कापूस बंदरावर पोचायला महिनोन्‌महिने लागत. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी सुरू होई. मग घरोघरी लाकडी चरकीच्या दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करत. काम संथच, पण खरा वेळ पुढे मोडे. सैल रुईच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून तांडे सुमारे 500 मैलांवरच्या मिर्झापूरला जात, तेथून माल गंगेतून कलकत्त्याला. वाटेत पावसाने गाठले, तर काळ्या मातीत बैल रुतत, रुई भिजे आणि माल अडकून पडे. 1825-26च्या सुमारास पेस्तनजी मेहेरजींच्या पेढीने हा कापूस मुंबईकडे वळवला. वाट जवळची झाली, वाहतूक मात्र बैलांचीच राहिली.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक खोळंब्याकडे सरकारचे लक्ष गेले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. स्टेशनांजवळ सरकी काढणारी जिन आणि गाठी बांधणारी प्रेस वाफेवर चालू लागली. दाबून बांधलेली गाठ कमी जागेत मावे, म्हणून एका डब्यात कितीतरी जास्त रुई जाऊ लागली. या बदलात प्रेसचे मोल रेल्वेइतकेच मानायला हवे. घरची चरकी आणि तांड्यांचा धंदा मात्र यातच बसला. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू झाली, तेव्हा काही कापसाचा बंदरापर्यंतचा प्रवासच वाचला.

वाशीमचा घाटमाथा मुख्य रेल्वेमार्गापासून दूर राहिला. इथल्या गाड्या पातूरचा घाट उतरून अकोल्याला जात. पुढे विसाव्या शतकात मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे कारंज्यावरून धावू लागली आणि जिल्ह्याच्या पूर्व भागाला जवळचे स्टेशन मिळाले.

कापूस विकल्यावरही शेतकऱ्याला आणखी एक वाट पाहावी लागे, पैशांची. वजनात मारलेला काटा आणि दलालाची कापणी हेही त्या पैशांतूनच जाई. कारंज्याचा कापूस बाजार 1886 मध्ये नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून तो ओळखला जातो. 1897च्या कायद्याने हीच पद्धत वऱ्हाडातल्या इतर बाजारांना लागू करण्याची सोय झाली. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली. दलाल बाजूला झाला, पण रक्कम हप्त्यांनी मिळू लागली. पूर्वी मालाला लागणारा वेळ त्या योजनेत चुकाऱ्याला लागू लागला.