आनंदीबाईंचा अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास

डॉ. आनंदीबाई जोशी यांची पदवी सर्वांना ठाऊक आहे. त्या पदवीपर्यंतची वाट मात्र फारशी सांगितली जात नाही. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांमुळे कल्याणची ही मुलगी अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशी फिरत बंगालमधील श्रीरामपूरला पोहोचली. परमुलखात मराठी घर मांडणे म्हणजे काय, हे तिला अमेरिकेआधीच कळले होते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. अठरा वर्षे पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गोपाळराव मागे राहिले. सोबत होत्या मिशनरी बायका. बोटीवर शाकाहारी माणसाच्या खाण्याचे हाल आणि वर धर्मांतराचा आग्रह. इंग्लंडला उतरून, बोट बदलून, अटलांटिक ओलांडून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. अंगावर लुगडे तसेच, धर्मही तोच.

तेथे थिओडोसिया कार्पेंटर त्यांना घ्यायला आल्या होत्या. दोघींची ओळख १८८० पासूनच्या पत्रांतली. प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यू जर्सीतील रोझेल गावी आपल्या घरी नेले. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

जिद्द आनंदीबाईंचीच, पण त्या जिद्दीला परदेशात आधी एक घर मिळाले. आपले पूर्वजही असेच कुणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकून या गावचे झाले. म्हणून यंदा गावात नव्याने बदलून आलेले एखादे कुटुंब दिसले, तर त्यांना आरतीला आवर्जून बोलवावे.