तळटीप : बेकन्स कॅसल

* 'बेकनचा किल्ला' : नावावर जाऊ नये. हा किल्ला नव्हे, घर आहे; आणि ज्या नॅथॅनिएल बेकनचे नाव त्याला चिकटले, तो तिथे कधी राहिलाच नाही. व्हर्जिनियातल्या सरी काउंटीत आर्थर ॲलन या जमीनदाराने १६६५ मध्ये ते बांधले, आणि 'ॲलनचे विटांचे घर' हेच त्याचे जुने, खरे नाव. १६७६ मध्ये बेकनने गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा गव्हर्नरच्या बाजूच्या धाकट्या आर्थर ॲलनचे हे घर बंडखोरांनी बळकावले आणि काही महिने तिथेच ठाण मांडले. पुढे लोकांच्या तोंडी बेकनचे नाव रुळले. आजच्या अमेरिकेत लेखी पुराव्यानिशी काळ ठरवता येतो अशा विटांच्या घरांत हे सर्वांत जुने मानले जाते. दोन्ही टोकांच्या भिंतींचे वळणदार माथे आणि तीन-तीन धुराड्यांचे तिरपे जुडगे ही त्याची ओळख. त्या काळातली अशी बांधणी तिथे क्वचितच उरली आहे. १९७३ मध्ये व्हर्जिनियातल्या एका वारसा-संस्थेने ते विकत घेतले, दुरुस्त केले आणि लोकांसाठी खुले केले. आवारात गुलामांची एक खोपीही जतन केली आहे. ॲलन घराण्याची शेती गुलामांच्या राबण्यावर उभी होती, म्हणून त्या खोपीविना या वास्तूचा इतिहास अर्धाच राहतो. मूळ लेखकाने तिचा उल्लेख केलेला नाही. वाचकांनी ही नोंद त्या परिच्छेदाला जोडून वाचावी. – संपादक