१९८४ चा ‘टॉप’ आणि पार्श्वभूमीचे गणित

जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८३ मध्ये डब्ल्यू व झेड हे कण सापडले आणि पुढल्याच वर्षी कार्लो रुबिया व सायमन व्हान डर मेर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी, १९८४ मध्ये, रुबियांच्या ‘यूए-१’ गटाने टॉप या सहाव्या क्वार्कचीही चाहूल लागल्याचे प्रसिद्ध केले. आधार अवघ्या सहा घटनांचा होता. प्रत्येकीत एकाकी असा एक इलेक्ट्रॉन वा म्यूऑन आणि कणांचे दोन झोत आढळले होते. डब्ल्यूच्या विघटनातून टॉप निघाला, असा त्यांचा अर्थ लावण्यात आला. त्याचे वस्तुमान ३० ते ५० जीईव्ही मानले गेले.

एकाकीपणाची ही खूण निराधार नव्हती. पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी संदीप पकवासा व डी. पी. रॉय यांच्यासह १९८३ मध्येच तिचे महत्त्व दाखविले होते. जड टॉपपासून निघणारा लेप्टॉन एकाकी असतो. बॉटमपासून निघणारा सहसा इतर कणांच्या गर्दीत सापडतो.

अडचण या ‘सहसा’ शब्दात होती. टॉप नसता तर अशा किती घटना घडल्या असत्या, हे उपकरण सांगत नाही. त्यासाठी मॉन्टे कार्लो पद्धतीने संगणकावर कल्पित टकरी घडवाव्या लागतात. त्या टकरींत डब्ल्यूबरोबर निघणारे झोत, किंवा गर्दीतून योगायोगाने सुटलेला बॉटमचा लेप्टॉन, यांचे प्रमाण कमी धरले गेले, तर उरलेल्या साऱ्या घटना टॉपच्या पदरात पडतात. घडले ते असेच. या भागास भौतिकीत ‘पार्श्वभूमी’ म्हणतात. संज्ञा काहीशी फसवी आहे, कारण ती मागे नसते, संकेताच्या जागेवरच बसलेली असते. पुढील मोजणीत आधिक्य टिकले नाही. १९८८ मध्ये त्याच गटाने टॉपचे वस्तुमान ४४ जीईव्हीहून अधिक असले पाहिजे, असा निष्कर्ष मांडला. हा दुसरा निबंध पहिल्याहून मोलाचा मानावयास हरकत नसावी.

अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये सीडीएफ गटाने डब्ल्यूसह एक वा दोनच झोत असलेल्या घटना, जेथे टॉपचा वाटा अल्प, त्यांवर आपले गणित प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिले. तीन वा अधिक झोतांच्या घटनांत मात्र बॉटमच्या २७ खुणा मिळाल्या. पार्श्वभूमीतून अपेक्षा सुमारे ६.७ ची होती. मार्च १९९५ मध्ये सीडीएफ व डी-झीरो या दोन्ही गटांनी शोध जाहीर केला. डी-झीरोत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही सहभाग होता. सीडीएफला वस्तुमान १७६ जीईव्ही आढळले. डब्ल्यूचे वस्तुमान सुमारे ८० जीईव्ही. त्याच्या पोटातून असा टॉप निघणे शक्यच नव्हते.