‘कुलीन’ या विशेषणापलीकडच्या दुर्गाबाई

दुर्गा खोटे यांच्यावरील बहुतेक लेखांत ‘चित्रपटात आलेली पहिली कुलीन स्त्री’ असा उल्लेख हमखास आढळतो. त्यात गौरव दुर्गाबाईंचा होतो. पण त्यांच्याआधी आलेल्या स्त्रिया नकळत कमी लेखल्या जातात. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत पार्वती, तर त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) मोहिनी झाल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आईने मुलीसह नाटक-सिनेमाची वाट धरली ती पोटासाठी.

खोटे यांचे कारण तरी कुठे वेगळे होते? १९०५ साली मुंबईच्या लाड घराण्यात जन्म, इंग्रजी शाळेत शिक्षण, श्रीमंत सासर. पुढे सासरची आर्थिक घडी मोडली आणि पदरी दोन मुलगे असताना कमावणे भाग पडले. १९३१च्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेने नाचक्कीच वाट्याला आली, जाहिरातीत घराण्याचे नाव मिरवल्याने गिरगावात गहजब झाला. दुसऱ्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त व्ही. शांतारामांनी त्यांना तारामती केले. समोर हरिश्चंद्र होते संगीत रंगभूमीवरचे गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन नसल्याने पदे स्वतःच गायची, आणि चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत करायचा!

नावाजल्यावर त्या एकाच कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत देवकी बोस यांच्या ‘सीता’त (१९३४) काम केले; १९३६मध्ये पुन्हा प्रभातकडे येऊन ‘अमर ज्योती’तील बंडखोर सौदामिनी साकारली. १९३७ला ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शन केले. रंगभूमीवर मुंबई मराठी साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई आणि ‘मॅकबेथ’वरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील नायिका, अशा सत्तेने झपाटलेल्या स्त्रिया त्यांनी उभ्या केल्या. ‘मुघल-ए-आझम’मधील (१९६०) जोधाबाई मात्र पती आणि पुत्र यांच्यात होरपळणारी. संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) आणि फाळके पुरस्कार (१९८३) लाभले ते या कामाला.

घराण्याच्या नावाने त्यांच्याविषयी कुतूहल निर्माण झाले, पुढच्या मुलींच्या पालकांचा विरोध सौम्य झाला, हे खरेच. पण सुमारे पन्नास वर्षे टिकणे कुळाच्या जोरावर होत नाही. दुर्गाबाईंना मोठे म्हणताना कामत मायलेकींना वगळण्याची गरज नाही. त्या एकाच वाटेवरच्या, अठरा वर्षे आधी निघालेल्या.