चेरीचे लाकूड (तळटीप)

१. चेरीचे मेज : हे लाकूड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणाऱ्या ब्लॅक चेरीचे. (आपल्याकडे केकवर दिसणाऱ्या लाल ‘चेऱ्या’ बऱ्याचदा पाकवलेली करवंदे असतात, त्यांचा येथे संबंध नाही.) पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलेगेनी पठारावरचा माल विशेष नावाजलेला. शेकर पंथीयांच्या साध्या, नेटक्या फर्निचरमध्ये हे लाकूड वारंवार आढळते.

नुकताच रंधा मारलेला गाभा फिकट गुलाबी-तपकिरी दिसतो आणि उजेड लागून काही महिन्यांत गडद तांबूस होतो. नव्या मेजावर फुलदाणी बरेच दिवस एकाच जागी ठेवली, तर तिच्याखाली फिके वर्तुळ उरते. फुलदाणी हलवली की तेही हळूहळू बाकीच्या रंगात मिळून जाते. त्यामुळे चेरीवर रंग चढवण्याची घाई व्यर्थच. शिवाय ती रंग सारखा पीत नाही, चट्टे पडतात. तेल किंवा शेलॅक पुरेसे. सालीलगतचे पांढरट लाकूड मात्र गाभ्याइतके कधीच गडदत नाही, म्हणून चोखंदळ सुतार ते कापून टाकतात.

वजन घनमीटरला सुमारे ५६० किलो, सागाहून थोडे हलके. रेषा बारीक, बहुधा सरळ. रंधा-पटाशीला सोपे, कातकामालाही उत्तम. यंत्रावर फळी सरकवताना हात क्षणभर थबकला, तर कड करपते. मधल्या काळ्या रेघोट्या डिंकाच्या. काही गिऱ्हाइके त्यांना खोट समजतात, संपादकाला त्या आवडतात.