न झोपणारे यान

२१ जानेवारी २००४ रोजी मंगळावरच्या गुसेव्ह विवरात फिरणाऱ्या ‘स्पिरिट’ यानाकडून माहिती येणे अचानक थांबले. यानाचा मंगळावरचा अठरावा दिवस चालू होता आणि ‘ॲडिरॉन्डॅक’ असे नाव दिलेल्या एका खडकाची तपासणी त्याच्या हाती होती. पृथ्वीवर कॅनबेराजवळच्या अँटेनापाशी त्या वेळी वादळी पाऊस होता, म्हणून पहिला संशय पावसावर गेला. पाऊस सरला तरी यान बोलेना. हाक मारल्यावर नुसता ‘ओ’ यावा तसा एक स्वर येई, पण त्यात माहिती काहीच नसे.

२३ तारखेला थोडी माहिती हाती लागली. आधी सेकंदाला १० बिट आणि मग १२० बिट, म्हणजे पोस्टाच्या तारेलाही लाजवील असा वेग! पण तेवढ्यावरून दोन गोष्टी कळल्या. यानाचा संगणक साठाहून अधिक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता; आणि रात्री झोपायचे सोडून तो जागाच राहिला होता. रात्री सूर्यपट्ट्यांपासून वीज मिळत नाही. संगणक असाच जागा राहिला, तर बॅटरी रिकामी होणार हे उघड होते.

संगणक सुरू होण्याला आपण ‘बूट होणे’ म्हणतो. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याच्या एका इंग्रजी म्हणीवरून हा शब्द आला, आणि तो चपखल आहे. कार्यप्रणाली स्मृतीत आणायची तर आणणारी आज्ञावली आधी चालू हवी. मग तिला कोण आणणार? म्हणून एक छोटी आज्ञावली न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत कायमची ठेवतात. ती मोठीला उठवते, मोठी स्मृतीची वाटणी करते, फाइलव्यवस्था जोडून घेते आणि मग कामे सुरू होतात. यातल्या एखाद्या पायरीवर गाडी अडली की खरी पंचाईत होते, कारण दोष नोंदवून सांगणारी यंत्रणा कित्येकदा तोवर उठलेलीच नसते. लिनक्स वापरणाऱ्या जुन्या मंडळींना ‘लिलो’ आठवेल. सुरू होताना ती आपल्या नावाची चार अक्षरे एकेका टप्प्यावर एकेक करून पडद्यावर उमटवी. दोनच अक्षरे उमटून संगणक थांबला, तर घोटाळा कुठे आहे याचा अंदाज येई. कोणती पायरी पार झाली आणि कोणती नाही, एवढाच पुरावा अशा वेळी हाताशी असतो.

स्पिरिटच्या संगणकात १२८ मेगाबाइट तात्पुरती स्मृती होती आणि वीज गेली तरी टिकणारी २५६ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. कार्यप्रणाली ‘व्हीएक्सवर्क्स’ होती आणि फाइली ठेवण्याची पद्धत आपल्या टेबलावरच्या ‘डॉस’सारखी. या पद्धतीची एक खोड शिक्षकांना हजेरीपटावरून चटकन कळेल. शाळा सोडलेल्या मुलाचे नाव आपण पटावरून कमी करतो, पण ती ओळ काही नाहीशी होत नाही. डॉसमध्येही फाइल पुसली की तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी खूण होते; ओळ राहते आणि पटाची लांबी कमी होत नाही. स्पिरिटने पृथ्वीवरून निघाल्यापासून शेकडो फाइली लिहिल्या होत्या. सुरू होताना कार्यप्रणाली हा सगळा पट तात्पुरत्या स्मृतीत उतरवून घेई. पट वाढत गेला आणि एके दिवशी त्यासाठी राखलेली जागा पुरेना. जागा मिळाली नाही की ते काम अडकायचे, मोठा दोष समजून संगणक स्वतःला पुन्हा सुरू करायचा, आणि सुरू होताना पुन्हा तोच पट! झोपण्याची प्रक्रियाही याच गुंत्यात अडकत होती.

पृथ्वीवरच्या चाचण्यांत हे दिसले नाही, कारण इतक्या फाइली साठायला लागतो तितका काळ कोणतीच चाचणी सलग चालली नव्हती. चुटपुट लावणारी बाब अशी की प्रवासातल्या जुन्या फाइली काढून टाकण्याची आज्ञावली पंधराव्या दिवशी पाठवली होती. ती पुरती पोहोचली नाही. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा पाठवायचे ठरले होते.

आमच्या मते या प्रसंगातली सर्वांत मोलाची गोष्ट यान निघण्यापूर्वीच झाली होती. दोन पुनरारंभांमध्ये संगणकाने काही काळ थांबावे, अशी सोय त्याच्या कर्त्यांनी करून ठेवली होती. कधी पंधरा मिनिटे, कधी तासभर. त्या फटीतून पृथ्वीवरची आज्ञा आत शिरू शकत होती. दुसरी सोय याहून महत्त्वाची. फ्लॅशला हात न लावता, तात्पुरत्या स्मृतीतच फाइली ठेवून सुरू होण्याची एक लंगडी वाट त्यांनी राखली होती. फाइलव्यवस्थेचा संशय आल्यावर २४ जानेवारीला हीच आज्ञा पाठवली गेली. संदेश एका बाजूने जायला सुमारे दहा मिनिटे लागत, त्यामुळे उत्तराची वाट बघण्याखेरीज काही करता येत नव्हते. यान सुरू झाले, नीट बोलले आणि मुख्य म्हणजे रात्री झोपले. पायरी वगळताच यान चालले, याचा अर्थ दोष त्याच पायरीत होता. निदान आणि उपचार एकाच आज्ञेत झाले!

याच धांदलीत, २५ जानेवारीला, तीच आज्ञावली घेऊन ‘ऑपर्च्युनिटी’ हे जुळे यान मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरले. नियंत्रणकक्षात त्या आठवड्यात झोप किती जणांना मिळाली असेल, कोण जाणे.

स्पिरिटच्या फाइली आधी थोड्याथोड्या पुसून पाहिल्या गेल्या आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅश स्मृती पूर्ण पुसून नव्याने आखून घेतली. त्याच सुमारास यानाने ॲडिरॉन्डॅक खडक घासून त्याचा आतला भाग उघडा केला. मंगळावरचा खडक यंत्राने असा घासण्याची ती पहिलीच वेळ. तो बसाल्ट निघाला, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्याच जातकुळीचा. एप्रिलमध्ये दोन्ही यानांना सुधारित आज्ञावली पाठवण्यात आली. मंगळाचे नव्वद दिवस टिकावे एवढीच अपेक्षा ज्याच्याकडून होती, त्या स्पिरिटचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला.